सोळा ओहमचे उपकार

माझ्या मेव्हण्यानं पुण्याहून ॲम्प्लिफायर पाठवला आणि राजारामपुरीतल्या आमच्या बिल्डिंगीत मला कुणी नावानं हाक मारेनासं झालं. त्याआधी मी 'मृत्युंजयराव' होतो. नंतर महिनाभर 'स्पीकरवाले' होतो आणि मधले आठ दिवस तर 'भूकंपवाले'. आज मी पुन्हा मृत्युंजयराव झालोय. ज्यांच्यामुळं झालोय त्यांचे एकदा रीतसर आभार मानावेत म्हणून हे लिहायला बसलोय. आभाराची मला सवय नाही. शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत मी तपासणी खात्यात आहे. तिथं कास्टिंग, म्हणजे ओतीव लोखंडाचा भाग, पास झालं की त्याच्यावर शिक्का मारतात, त्याचे आभार मानत नाहीत.

मेव्हणा संगमेश नोकरीसाठी परदेशी निघाला होता. त्याचे स्पीकर जाहिरात टाकल्याबरोबर कुणीतरी उचलून नेले. ॲम्प्लिफायर मात्र कुणी घेईना, तेव्हा त्याला बहिणीची आठवण झाली.

"दाजी, मशीन एक नंबर हाय," तो फोनवर म्हणाला. "तुम्ही फक्त स्पीकर घ्या."

हे 'फक्त' मी तेव्हा नीट ऐकायला हवं होतं. चौदा किलोचा तो काळा ठोकळा टीव्हीशेजारी ठेवला, त्याचा दिवा लावला आणि आम्ही नवरा-बायको त्याच्याकडं बघत बसलो. दिवा सुंदर होता. आवाज नव्हता.

मला गाण्याचा शौक आहे असं कुणी समजू नये. माझा सगळा जीव अडकला होता तो अप्पांत. अप्पा म्हणजे माझे वडील, भरमाप्पा. वय एकोणऐंशी. चाळीस वर्षं त्यांनी फौंड्रीत कास्टिंग घासायचं काम केलं. दगडी चाक लोखंडावर फिरायला लागलं की शेजारचा माणूस बोंबलला तरी ऐकू यायचं नाही. त्या चाकानं लोखंडाबरोबर अप्पांचे कानही थोडे थोडे घासून नेले. डॉक्टरनी सांगितलं होतं, "ह्यांना जाड आवाज येतो. बारीक आवाज येत नाही. त्यामुळं कुणीतरी बोलतंय हे कळतं, पण काय बोलतंय ते कळत नाही." कानातलं यंत्र घेतलं, तर ते शिट्टी मारतंय म्हणून अप्पांनी दुसऱ्याच दिवशी काढून ठेवलं. मग आमचं सगळं बोलणं ओरडून. आज आमच्यात भाजी कुठली आणि ती कुणाला आवडली नाही, हे पहिल्या मजल्यापर्यंत सगळ्यांना माहीत असायचं.

त्याचं काही वाटत नव्हतं. पण गेले सहा-सात महिने अप्पा हॉलमध्ये बसेनासे झाले होते. सकाळी शांभवी, म्हणजे माझी बायको, मोबाईलवर वचनं, म्हणजे आमची लिंगायत भक्तिपदं, लावायची. ती लागली की अप्पा उठायचे, मागच्या खोलीत जायचे आणि दार लोटून घ्यायचे. दोन वेळा जेवायला बाहेर यायचे तेवढंच. आमचं काही चुकलंय का, हे ओरडून विचारायची माझी हिंमत होत नव्हती, कारण ते सगळ्या बिल्डिंगीला ऐकू गेलं असतं.

मोबाईलचा आवाज चिरका असतो, चांगला स्वच्छ आवाज आला तर अप्पा बाहेर बसतील, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

ॲम्प्लिफायरच्या पाठीवर लिहिलं होतं, 'स्पीकर ८ ते १६ ओहम'. शांभवी हायस्कूलला गणित शिकवते. तिनं सोबतची पुस्तिका पहिल्या पानापासून वाचायला घेतली. मी मात्र मायक्रोमीटर हाताळणारा माणूस. पुस्तिका वाचणं मला कमीपणाचं वाटलं. मी उदयसिंहांना बोलावलं.

उदयसिंह आमच्या सोसायटीचे चेअरमन. वीज मंडळातून निवृत्त झालेत, पण वीज अजून त्यांच्या परवानगीनंच येते असा त्यांचा समज आहे. त्यांनी ॲम्प्लिफायरवरनं हात फिरवला आणि म्हणाले, "ओहम म्हंजे काय? अडथळा. अडथळा कमी, तर करंट जादा. करंट जादा, तर आवाज जादा. अप्पांना ऐकू कमी येतंय न्हवं? मग चार ओहमचं घ्या."

"पण आठच्या खाली जाऊ नका असं ह्यात लिहिलंय," शांभवी म्हणाली.

"वहिनी, ही पुस्तकं परदेशातल्या माणसांसाठी लिहिलेली असत्यात. त्यांचं करंट येगळं, आपलं करंट येगळं."

लक्ष्मीपुरीच्या बाजारातनं चार ओहमचे दोन स्पीकर आणले. खरं सांगतो, पहिली दहा मिनिटं झकास गेली. मी अप्पांना हाक मारायला उठलो आणि 'टक्' असा आवाज होऊन सगळं गप्प झालं. बंद करून पुन्हा लावलं. पुन्हा दहा मिनिटं, पुन्हा 'टक्'. ॲम्प्लिफायरला हात लावला तर भाकरीचा तवा.

"तापतंय," मी म्हणालो.

"कामाचं माणूस तापणारच की," उदयसिंह म्हणाले. "टेबल फॅन लावा."

फॅन लावल्यावर पंधरा मिनिटं टिकलं, पण मग फॅनचाच आवाज मोठा झाला. तेव्हा उदयसिंहांनी खुर्ची पुढं ओढली. "मशीनला आठ पायजेत ना? मग दोन्ही स्पीकर एकाच ठिकाणी जोडायचं. चार आणि चार आठ."

शांभवी वायरींकडं बघून म्हणाली, "अशी शेजारी शेजारी जोडली तर आठ नाही होणार. दोन होतील."

उदयसिंह माझ्याकडं वळले. त्यांच्या डोळ्यांत माझ्याविषयी खरीखुरी काळजी होती. "वहिनी गणिताच्या बाई न्हवं? आणि चार नि चार दोन म्हणत्यात?"

मी वायरी उदयसिंहांनी सांगितल्या तशा जोडल्या. लग्नाला सव्वीस वर्षं झाल्यावर माणसानं कुणाच्या बाजूनं बोलायचं हे त्याला कळायला पाहिजे. मला त्या दिवशी कळलं नाही. बटण दाबलं, आतनं निळा उजेड चमकला आणि फ्यूज उडाला. शांभवीनं पुस्तिकेतलं पान दुमडून माझ्यासमोर ठेवलं आणि वह्या तपासायला गेली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

फ्यूज बदलून आणला, आणि आता आठ म्हणजे आठच, असं ठरवून मी जोतीरामला गाठलं. जोतीराम आमच्या मागच्या गल्लीत राहतो. मंडळांच्या मिरवणुकीला त्याची डॉल्बी असते. आमच्याकडं डॉल्बी म्हणजे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर रचलेली स्पीकरची भिंत. शंभर वेळा सांगितलेलं त्यालाही नीट ऐकू येत नाही, पण तो ते धंद्याचा मान समजतो.

"आठ ओहमचे स्पीकर मिळतील का, जोतीराम?"

"मिळतील म्हंजे? पडून हायत की! काका, विषयच न्हाय. रविवारी सकाळी टेम्पो घिऊन येतो."

घरात ऐकायच्या दोन स्पीकरना टेम्पो कशाला, हे मी विचारायला पाहिजे होतं. रविवारी नऊ वाजता चार माणसांनी जिन्यावरनं दोन काळी कपाटं वर आणली आणि हॉलमध्ये ठेवली. त्यानंतर हॉलमध्ये उभं राहायला स्वयंपाकघरात जावं लागत होतं.

शांभवीनं विचारलं, "ह्याच्यातनं गाणं येतं, का माणसं राहतात?" आणि ती दळण आणायला निघून गेली.

ओहम मात्र बरोबर आठ होते. पाठीमागचा शिक्का मी स्वतः वाचला आणि माझ्या कामावर खूश झालो. वचन लावलं. कपाटांतनं 'घूं घूं' असा आवाज आला. कुणीतरी विहिरीच्या तळाशी बसून दुःख सांगतंय असा. शब्द एक नाही.

"बरोबर हाय," जोतीराम म्हणाला. "ही खालच्या आवाजाची पेटी. वरच्या आवाजाचं डबडं येगळं असतंय. ते सांगलीला गेलंय लग्नात. थांबा, तुम्हाला ह्याची खरी ताकद दावतो." त्यानं स्वतःचा मोबाईल जोडला, डोळे मिटले आणि बटण फिरवलं.

पहिल्या ठोक्याला फडताळातल्या वाट्या चालायला लागल्या. दुसऱ्याला खिडकीच्या काचा. तिसऱ्याला वरच्या मजल्यावरच्या बायडाबाईंचा डबा फळीवरनं पडल्याचं ऐकू आलं. चौथ्या ठोक्याला मागच्या खोलीचं दार धाडकन उघडलं.

अप्पांनी कोयनेचा भूकंप पाहिलाय. तेव्हा ते एकवीस वर्षांचे होते. गाणं त्यांना ऐकू आलं नव्हतं, पण पायाखालची फरशी हललेली त्यांना समजली. हॉलमधली दोन काळी कपाटं बघायलाही ते थांबले नाहीत. लोखंडावरच्या चाकाला चाळीस वर्षं पुरून उरलेल्या आवाजात ते ओरडले, "भूकंऽऽप! भाईर पळा!" आणि जिना उतरायला लागले. उतरताना प्रत्येक दाराची बेल दाबत गेले.

जोतीरामचे डोळे अजून मिटलेलेच होते. मी वायर उपसून काढली तेव्हा आमच्याशिवाय बिल्डिंगीत एक माणूस नव्हता. गॅलरीत जाऊन खाली बघितलं तर सगळे रस्त्यावर. एकाच्या तोंडाला दाढीचा फेस, बायडाबाईंच्या हातात वाफ काढणारा कुकर, आणि उदयसिंह टॉवेलवर. पण काखेत सोसायटीच्या सभांची वही. जीव वाचवताना माणूस काय उचलतो त्यावरनं तो कळतो म्हणतात. उदयसिंह चेअरमन आहेत, हे मला तेव्हा पटलं.

मधोमध अप्पा माणसं मोजत होते. शांभवी गिरणीतनं धावत आली. तिच्यावर बोट ठेवून झालं आणि अप्पा थांबले.

"मृत्युंजय कुठाय?" ते म्हणाले. "माझा पोरगा वर हाय!"

आणि एकोणऐंशी वर्षांचा तो माणूस पुन्हा जिन्याकडं धावला. दोघातिघांनी धरलं, तर त्यांना झटकून निघाला. "सोडा मला! पोरगा हाय वर!"

ते मी तिसऱ्या मजल्यावरनं बघत होतो. सात महिने हे आपल्यावर रुसलेत असं मी धरून बसलो होतो. मी कठड्यावरनं वाकलो आणि अंगात होता तेवढा जोर लावून ओरडलो, "अप्पाऽ! भूकंप न्हाय! मी हाय! स्पीकर हाय, स्पीकर!"

सगळा रस्ता वर बघायला लागला. पलीकडच्या चहाच्या गाडीवरची गिऱ्हाइकंसुद्धा. अप्पांनी मला बघितलं, दोन्ही हात गुडघ्यावर ठेवले आणि पायरीवर बसले. त्यांना उठायला तासभर लागला.

त्याच संध्याकाळी सभा झाली. उदयसिंहांनी तीच वही उघडली. "मित्र म्हणून मी तुमच्या बाजूनं हाय," ते म्हणाले. "चेअरमन म्हणून विरोधात हाय." ठराव झाला, की कुठल्याही सभासदानं पोलिसांच्या परवानगीशिवाय घरात लाऊडस्पीकर लावू नये. सूचक बायडाबाई. मीही हात वर केला. त्या प्रसंगी न करणं बरं दिसलं नसतं.

आता घरात स्पीकर लावायची परवानगी जगात कुणी मागितली असेल असं मला वाटत नाही. पण सोसायटीनं ठराव केला म्हटल्यावर मी अर्ज लिहिला आणि ठाण्यात गेलो. टेबलामागं हवालदार विजयसिंह बसले होते. नाव छातीवर लिहिलेलं होतं.

"नाव?"

"मृत्युंजय..."

"मृत्यूची नोंद हितं हुत न्हाय. म्हापालिकेत जावा."

"माझं नाव आहे ते. मृत्युंजय."

"बरं. कार्यक्रम काय?"

"कार्यक्रम नाही."

"मिरवणूक?"

"नाही. लाऊडस्पीकर लावायचाय. हॉलमध्ये."

"कुठल्या हॉलमधी? बसस्थानकाजवळच्या?"

"घरातल्या हॉलमध्ये."

विजयसिंहांनी माझ्याकडं एकदा बघितलं आणि पुन्हा कागदाकडं. "माणसं किती जमणार?"

"एक. वडील."

"कधीपास्नं कधीपतोर?"

"कायमचं."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "पावणं," ते म्हणाले, "बसा. च्या घ्या. आणि पहिल्यापास्नं सांगा."

मी सांगितलं. ओहम, फ्यूज, भूकंप, सगळं. ठाण्यात माणूस खरं बोलतो म्हणतात, मीही बोललो. अप्पा जिन्याकडं धावले तिथपर्यंत आलो आणि तेच वाक्य मी दोनदा सांगितलं. विजयसिंह हसले नाहीत. चहा माझ्याकडं सरकवला आणि खिडकीतनं बाहेर बघत बसले. मग त्यांनी माझ्या अर्जावर लिहिलं, 'घरात गाणी ऐकण्यास परवानगी देण्याची पद्धत नाही. शेजाऱ्यांस त्रास न होईल असे ऐकावे,' आणि खाली सही ठोकली.

"हे दावा चेअरमनना. आणि एक सांगू? तुम्हाला मोठा आवाज नकोच हाय. तुम्हाला स्वच्छ आवाज पायजे. माझी मावशी असती राधानगरीच्या अलीकडं. झुंबरबाई. तिच्या मालकाची तंबूतली टॉकीज हुती. जत्रा-जत्रातनं पिक्चर दावायचे. त्याचं स्पीकर अजून गोठ्यात हायत. लहानपणी मी तंबूच्या भाईर हुभा राहून आख्खा पिक्चर ऐकल्याला हाय. एक शब्द चुकायचा न्हाय."

त्या माणसाला मी तोपर्यंत अर्धा तास ओळखत होतो. त्यानं मावशीला माझ्यासमोर फोन लावून दिला.

पुढच्या सुट्टीला शांभवी आणि मी राधानगरीकडं गेलो. पुस्तिका तिनं बरोबर घेतली होती, आणि ह्या वेळी मीही ती वाचायला घेतली होती. झुंबरबाई सत्तरीच्या पुढच्या, काटक, अंगणात भात वाळत घालत होत्या. त्यांनी गोठ्याचं दार उघडलं. दोन म्हशींच्या मागं दोन सागवानी पेट्या होत्या, प्रत्येकीवर लोखंडी कर्णा बसवलेला. एका पेटीत कोंबड्या राहत होत्या. दुसऱ्या पेटीच्या कर्ण्यात एक तांबडी कोंबडी अंड्यावर बसली होती.

"किती वॅटचे आहेत?" मी विचारलं. दुकानांतनं फिरून फिरून मला तेवढंच विचारायची सवय लागली होती. शंभर, दोनशे, पाचशे.

"आमचं मशीन पंधरा वॅटचं हुतं," झुंबरबाई म्हणाल्या. "पंधरा वॅटवर चारशे माणूस रडवलाय आमी."

मी कर्ण्यात हात घातला. तांबडीनं माझ्या मनगटावर अशी चोच मारली की पंधरा वॅटवर एक माणूस आणखी वाढला. शेवटी झुंबरबाईंनी तिला काखेत घेतलं आणि मी बॅटरीच्या उजेडात मागचा शिक्का वाचला. सोळा ओहम. मीटर लावला तर तेरा दाखवायला लागला. माझा चेहरा पडला.

"मीटरवर थोडं कमीच दिसतं," शांभवी म्हणाली. "बाराव्या पानावर आहे."

"मी अकरापर्यंतच वाचलंय," मी म्हणालो.

ती हसली. फ्यूज उडाल्यापासून पहिल्यांदा. मग तिनं दोन वाक्यांत मला समजावलं, की वॅट म्हणजे स्पीकर किती खातो ते, आवाज किती देतो ते नव्हे. हे जुने कर्णे थोडक्यात भागवतात आणि ॲम्प्लिफायरला तापू देत नाहीत. हे मला महिन्यापूर्वीही समजलं असतं, फक्त मी ऐकायला पाहिजे होतं. ऐकू न येण्याचा आजार आमच्या घरात एकट्या अप्पांना नव्हता.

झुंबरबाई काही घ्यायला तयार होईनात. "वाजणार असतील तर न्या," त्या म्हणाल्या. "खुराडं म्हणून मागायला चारजण येऊन गेलं. त्यास्नी दिलं न्हाय." पेट्या टेम्पोत चढल्या तेव्हा त्यांनी पदरानं एका पेटीवरची धूळ पुसली आणि आत निघून गेल्या. परत आल्या त्या तुपाची बरणी घेऊन. माझ्याकडं द्यायला काहीच नव्हतं. मी वाकून पाया पडलो, तर तांबडीनं पुन्हा चोच मारली.

पेट्या खाली पार्किंगमध्ये उतरवल्या, तर एका स्पीकरचा कागदी पडदा काठाला फाटला होता. ते जोतीरामला कळलं, आणि न बोलावता तो आला. भूकंपाच्या दिवशी कपाटं परत नेली तेव्हापासून तो आमच्या गल्लीतनं जात नव्हता, लांबनं वळसा घालत होता. "काका, माझ्यामुळं अप्पा रस्त्यावर आले," तो म्हणाला. "हे काम मी करणार. तुम्ही हात लावू नका." ज्याच्या पेट्यांनी सगळी बिल्डिंग रिकामी केली, तो माणूस चिमट्यानं कोंबडीची पिसं काढत, पातळ कागदाच्या पट्ट्या चिकटवत दोन दिवस बसून होता. कागदावर फुंकर घालतानासुद्धा तोंड वळवून घालत होता, जोराची लागू नये म्हणून.

उदयसिंहांना विजयसिंहांचा शेरा दाखवला. त्यांनी तो तीनदा वाचला, वहीत चिकटवला आणि म्हणाले, "चेअरमनचं समाधान झालं. आता मित्र म्हणून येतो उचलायला." ते आले, आणि त्यांच्याबरोबर भूकंपाला पळालेले सगळे आले. दाढीच्या फेसाचा माणूस आला. बायडाबाई दार धरायला आल्या. पहिली पेटी सरळ वर गेली. दुसरी दुसऱ्या मजल्याच्या वळणावर अडकली. ती पुढं जाईना, मागं येईना, आणि पेटी आणि भिंत यांच्यामध्ये उदयसिंह. तिथनं ते पाऊण तास हुकूम सोडत होते. "डावीकडं घ्या! माझी डावी न्हवं, तुमची डावी!" शेवटी जोतीरामनं कर्णा उतरवला, पेटी तिरकी केली, आणि चेअरमन बाहेर आले. शर्टाची दोन बटणं पेटीलाच राहिली होती. बायडाबाईंनी त्यांना पाणी दिलं, आणि मला म्हणाल्या, "माझा डबा पडला ते जाऊ द्या आता. रिकामाच हुता." हे त्यांनी सभेत सांगितलं असतं तर बरं झालं असतं, पण त्या दिवशी मी कुणावरच रागवायला तयार नव्हतो.

वायरी मी जोडल्या. वचन लागलं, पण गाणाऱ्या बाईंचा आवाज समोरनं यायच्या ऐवजी कुठून तरी भिंतीपलीकडनं आल्यासारखा वाटत होता. उदयसिंह 'करंट' म्हणायला लागले एवढ्यात शांभवी उठली, एका पेटीच्या दोन वायरी उलट-सुलट केल्या आणि बसली. गाणारी बाई आमच्या हॉलच्या मधोमध येऊन उभी राहिली. उदयसिंहांनी हात जोडले, "वहिनी, चार नि चार तुम्ही म्हणाल तेवढं."

आवाजाचं बटण जेमतेम हललं होतं. खाली कुणाला ऐकूसुद्धा जात नव्हतं. मी मागच्या खोलीत जाऊन अप्पांना खुणेनं बोलावलं.

"पुन्ना हलवणार असशील तर आदी सांग," अप्पा म्हणाले. "चप्पल घालून बसतो."

आले. पेट्यांसमोरच्या खुर्चीवर बसले. बाई गात होती. आम्ही सगळे भिंतीला टेकून अप्पांच्या तोंडाकडं बघत होतो. अप्पा खाली फरशीकडं बघत होते. एक कडवं गेलं, दुसरं गेलं. मग त्यांनी मान तिरकी केली आणि हात वर करून मला थांबायची खूण केली, जणू मीच काहीतरी बोलत होतो.

"काय म्हणती ती?" त्यांनी विचारलं. "शरण म्हणती काय?"

"व्हय अप्पा! शरण!"

"शरण," अप्पा म्हणाले. पुन्हा ऐकलं. "शरण, शरण म्हणती." मग माझ्याकडं बघून म्हणाले, "मला मरण ऐकू यायचं रं. रोज सकाळी उठलं की हिनं आपलं मरण, मरण, मरण लावल्यालं. आता ह्या वयात मला काय कळंना काय? म्हणून मी उठून आत जात हुतो."

शांभवीनं पदर तोंडाला लावला. ती हसत होती का रडत होती हे मला कळलं नाही, तिलाही कळलं असेल असं वाटत नाही. जोतीराम भिंतीकडं तोंड करून वायर गुंडाळत होता, जी आधीच गुंडाळलेली होती.

सगळी वचनं संपेपर्यंत अप्पा हलले नाहीत. संपल्यावर म्हणाले, "हे ज्या बाईनं दिलं तिला फोन लाव."

"अप्पा, फोनवर तुम्हाला..."

"लाव म्हणतोय न्हवं."

लावला. तिकडनं झुंबरबाईंचा आवाज आला तसा अप्पांनी फोन दोन्ही हातांत धरला आणि बोलायला सुरुवात केली. "बाई, मी मृत्युंजयचा बाप बोलतोय! तुमचं लई उपकार झालं बघा!"

त्या आवाजाला फोनची गरज नव्हती, राधानगरीला तसाही गेला असता. तिकडनं झुंबरबाई म्हणत होत्या, की तांबडी दुसऱ्या खुराड्यात जाईना, गोठ्यात त्याच जागेवर उभी राहती, म्हणून तिथं एक पाटी पालथी घातलीया.

"व्हय, व्हय!" अप्पा म्हणाले. "आशीर्वाद असू द्या!"

झुंबरबाईंनी विचारलं, की स्पीकर बरं वाजत्यात न्हवं? मालकांनी हातानं पेट्या घडवल्या हुत्या.

"आमच्याकडं एकदा जेवायला या!" अप्पा म्हणाले. "सूनबाई पोळ्या करंल!"

तिकडनं त्या आणखी बराच वेळ बोलल्या. अप्पा मान हलवत राहिले, मध्येच डोळे पुसले, शेवटी फोन कपाळाला लावला आणि माझ्या हातात दिला.

"लई मायेची बाई," ते म्हणाले. "लई चांगलं बोलली."

"काय म्हणाल्या अप्पा?" मी विचारलं.

"ते कुठलं ऐकू येतंय," अप्पा म्हणाले, आणि पेट्यांकडं बोट दाखवून म्हणाले, "लाव की परत."